गावच्या पोलिसाचा स्मृतिदिन कसा करावा

सगळ्यात आधी एक सांगतो, फ्लेक्सवाल्याला फोन करू नका. आमच्याकडे कुणाचंही काही करायचं म्हटलं की पोरं पहिली फ्लेक्सच्या मागे लागतात. फोटो कोणाचा मोठा, खाली नावं कोणाकोणाची, यातच आठवडा जातो आणि गेलेल्या माणसाचं नाव तरी नीट लिहिलंय का, हे बघायला कोणी उरत नाही.

मी धुळे जिल्हा पोलीस दलातून सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं ठाण्यात रायटर, म्हणजे कागदपत्रं लिहिणारा, होतो, त्यामुळे नाव, वेळ आणि ठिकाण चुकलेलं दिसलं की मला चैन पडत नाही. आता पांझरेकाठी आमच्या गावी असतो. दर वर्षी पोळा झाला की आसपासच्या गावांतून कोणीतरी येतं. "अप्पा, आपल्या गावचा अमका ड्युटीवर गेला. २१ ऑक्टोबरला काहीतरी करायचंय, कसं करू?" २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. येणाऱ्यांना ओट्यावर बसवून जे सांगतो, तेच इथे लिहितो.

आधी त्याच्या घरी

कार्यक्रम ठरवून मग घरच्यांना आमंत्रण द्यायला जातात, ही उलटी रीत आहे. आधी घरी जा. सप्टेंबरात जा, पण पितृपक्ष टाळा. त्या पंधरवड्यात घरात त्याचं पान वाढायची तयारी चाललेली असते, तेव्हा माईक आणि खुर्च्यांच्या गोष्टी घेऊन जाऊ नये. संध्याकाळी, शेतातून माणसं परतल्यावर जा. तिघांनी जा, त्यात एक बाई असू द्या. हार, शाल, मोबाईलचा कॅमेरा यातलं काही नको. आणि घाई दाखवू नका. पहिला चहा होईपर्यंत विषयच काढायचा नाही.

मग विचारा, करायचं का? हा खरा प्रश्न असू द्या, निर्णय घेऊन आलोय असा सूर नको. काही घरं नाही म्हणतात. वर्षातून एकदा सगळं गाव अंगणात जमावं आणि पुन्हा ती रात्र उकरली जावी, हे सगळ्यांना सोसतं असं नाही. नाही म्हणाले तर हात जोडून उठा आणि खाली सांगितलेलं वहीचं आणि मैदानाचं काम करा. त्याला कार्यक्रम लागत नाही.

हो म्हणाले तर बारीक गोष्टी विचारून घ्या. फोटो कोणता? वर्दीतला बहुतेक घरी असतोच, पण एका घरी बायकोने लग्नातला फोटो काढून दिला, म्हणाली हाच ठेवा. तोच ठेवला. तो कसा गेला, हे मुलांसमोर किती सांगायचं? घोषणा चालतील का? पुढे कोण बसणार, बोलणार कोण? एका माउलीने आम्हाला सांगितलं होतं, "भाऊ, मना आंडोरनं नाव ल्या, पन माले स्टेजवर बसाडू नका." (माझ्या मुलाचं नाव घ्या, पण मला स्टेजवर बसवू नका.) तेव्हापासून मी घरच्यांना स्टेजवर बसवायचं हे गृहीतच धरत नाही. पहिल्या रांगेत, सावलीत, पंख्यासमोर बसू द्या. जवळ पाण्याचा तांब्या आणि ओळखीची एखादी बाई असली की पुरे.

अवघड भाग पुढे आहे. आई गावात असते आणि बायको बहुतेक धुळ्याला नाहीतर जळगावला. अनुकंपावर नोकरी लागलेली असते, मुलांची शाळा तिथे असते. पेन्शन, मिळालेली रक्कम, घराचा हिस्सा यावरून दोन घरांत बोलणं बंद झालेलं असू शकतं. ते मिटवायला तुम्ही गेलेले नाहीत. दोन्हीकडे वेगवेगळं जा, दोन्हीकडे तेच सांगा आणि खुर्च्या मांडताना मध्ये मुलांना बसवा. बायकोने दुसरं लग्न केलं असेल तर गावातले काही शहाणे म्हणतील, तिला कशाला? तिलाच आधी. तो गेल्याचा फोन तिने घेतलेला असतो.

वही करा

आता माझं आवडतं काम. दोनशे पानी जाड पुठ्ठ्याची वही घ्या. गावातून पोलिसात गेलेला आणि ड्युटीवर असताना वारलेला प्रत्येक माणूस त्या वहीत आला पाहिजे. एकेकाला चार पानं सोडा.

पहिली अडचण नावाचीच येते. शाळेच्या दाखल्यावर एक, सेवापुस्तकात दुसरं, आधारवर तिसरं, आणि गावात त्याला चौथ्याच नावाने हाक मारायचे. पावरा, वसावे, पाडवी, गावित मंडळींच्या नावांची कारकुनांनी लिहिताना जी वाट लावलीय ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. सेवापुस्तकातलं नाव मुख्य धरा, कारण मुख्यालयातही तेच वाचलं जातं. हाकेचं नाव खाली वेगळं लिहा. नंतर आईला वाचून दाखवा. "हाऊच शे मना पोऱ्या" (हाच माझा मुलगा) असं ती म्हणाली की पुढे जा.

त्यानंतर हुद्दा आणि बक्कल नंबर, म्हणजे दलातला त्याचा ओळख क्रमांक. बक्कल नंबर लोक सोडून देतात, मला ते पटत नाही. ठाण्यात अर्धी हाक त्या नंबरानेच जाते, आणि त्याच्या बरोबरच्या बॅचवाल्यांना नावाआधी नंबर आठवतो. मग भरतीचं साल, प्रशिक्षण कुठे झालं, कोणकोणत्या ठाण्यांत नेमणूक होती. हे सगळं घरातल्या पत्र्याच्या पेटीत सापडतं. नेमणुकीचा आदेश, बदलीचे आदेश, ओळखपत्र, पेन्शनचा कागद, मृत्यूचा दाखला. कागद घरी नेऊ नका. तिथेच मोबाईलवर फोटो काढा आणि पेटी होती तशी लावून द्या. बॅचचे सोबती शोधा, त्यांच्याकडे फोटो निघतात आणि कागदावर नसलेल्या गोष्टी निघतात.

आता तो गेला कसा. इथे हात आवरा. रोजनामा लिहितो तसं लिहा, विशेषणं नकोत. किती वाजता, कुठे, कोणत्या कामावर, कोणाच्या आदेशाने, काय झालं, कुठे नेलं, किती वाजता मृत्यू झाला. खटला चालू असेल तर आरोपीचं नाव वहीत नको आणि भाषणात तर नकोच. त्याची जात, पाडा, समाज यांचा उल्लेख कुठेही नको. त्यातून गावात काय पेटतं ते विझवायला परत पोलिसालाच यावं लागतं.

२१ तारखेला वाचायचा मजकूर साधारण असा बसवा:

"पोलीस शिपाई (नाव), बक्कल नंबर (अमुक), नेमणूक (अमुक) पोलीस ठाणे. जन्म आपल्या गावी. शिक्षण इथल्या जिल्हा परिषद शाळेत. (अमुक) साली जिल्हा पोलीस दलात भरती. दिनांक (अमुक) रोजी रात्री नाकाबंदीवर असताना (अमुक) फाट्याजवळ वाहनाची धडक बसून जखमी. त्याच रात्री (अमुक) वाजता रुग्णालयात मृत्यू. मागे आई, वडील, पत्नी, एक मुलगा, एक मुलगी. गावात सगळे त्याला (अमुक) म्हणत. सुट्टीवर आला की पहाटे पोरांना उठवून पळायला न्यायचा."

शेवटचं वाक्य प्रत्येकाचं वेगळं निघेल आणि ते शोधायलाच सगळ्यात जास्त वेळ लागेल. घरचे आधी "लई चांगला होता" एवढंच म्हणतात. बसून राहा. मग हळूहळू कळतं की तो कानबाईच्या सणाला रोटांसाठी रजा मिळावी म्हणून साहेबांच्या मागे लागायचा, किंवा भरीत पार्टीला वांगी स्वतः भाजायचा, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. असलं एक वाक्य पुरतं.

कोणाला धरायचं, कोणाला नाही

यावर पारावर भांडणं होतात. "गोळी लागून गेला तर ठीक, हा तर अपघातात गेला." असं बोलणाऱ्याला एकदा रात्री दोन वाजता मुंबई-आग्रा रस्त्यावर पळासनेरकडे नाकाबंदीला उभं करावं. ट्रक समोरून येतो तेव्हा फक्त दिवे दिसतात. खान्देशातली ड्युटी बहुतेक अशीच आहे. दोन मोठे महामार्ग, मध्य प्रदेश आणि गुजरातची हद्द, तापी-गिरणेतून रात्री निघणारे वाळूचे डंपर, सातपुड्यातल्या घाटवाटा, सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेचा बंदोबस्त. बंदोबस्तावर उभ्या उभ्या छातीत कळ येऊन गेलेले आहेत. २०२० साली करोनात चौकाचौकांत उभे राहून आजार घरी नेणारे आणि त्यातच गेलेले आहेत.

दलाची यादी दलाच्या नियमाने होते, तिच्यात आपण बोट घालायचं नाही. गावची वही गावाची. माझ्या मते कामावर असताना गेला तो वहीत आला पाहिजे. राज्य राखीव पोलीस बलातला (त्यांचा गट क्रमांक ६ धुळ्यातच आहे), केंद्रीय राखीव दलातला, सीमा सुरक्षा दलातला, बंदोबस्तावर गेलेला होमगार्ड, गावचा पोलीस पाटील, सगळे.

आणखी एक विषय निघतो, तो टाळू नका. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला शाळकरी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. खान्देशात पोलिसाच्या स्मरणाची गोष्ट काढली की एखादे आबा हे बोलतातच, आणि त्यांनी बोलावंच. हुकूम परक्या सरकारचा होता हे खरं, बंदुका मात्र पोलिसांच्याच होत्या. मी नंदुरबारला बंदोबस्ताला गेलो की त्या स्मारकासमोर टोपी नीट करून दोन मिनिटं उभा राहायचो, कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या गावात १९४२ च्या हुतात्म्यांचा चौथरा असेल तर पोलिसाचा दगड त्या आवारात बसवू नका. त्याला त्याची वेगळी जागा द्या.

२१ ऑक्टोबरच का

कार्यक्रमात हे दोन मिनिटांत कोणीतरी सांगावं, कारण गावातल्या निम्म्या लोकांना हा दिवस २६ नोव्हेंबरचा वाटतो. मुंबईचा हल्ला २००८ चा. पोलीस स्मृतिदिन त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

१९५९ सालची गोष्ट. तिबेटच्या हद्दीवर तेव्हा पोलीस पहारा द्यायचे. लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज नावाचं ठिकाण आहे, उंची सुमारे १६,००० फूट. तिथून २० ऑक्टोबरला टेहळणीसाठी तुकड्या निघाल्या. दोन परतल्या. तिसरीतले दोन शिपाई आणि एक हमाल परतले नाहीत. दुसऱ्या दिवशी करम सिंग नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली वीसेक जण त्यांना शोधायला गेले. टेकडीवरून चिनी सैनिकांनी गोळीबार केला, त्यात आपले दहा जवान गेले, सात जण पकडले गेले. मृतदेह मिळाले ते १३ नोव्हेंबरला, म्हणजे तीन आठवड्यांनी, आणि अंत्यसंस्कार तिथेच हॉट स्प्रिंग्जला झाले. पुढे जानेवारी १९६० मध्ये राज्यांच्या पोलीस प्रमुखांच्या परिषदेत ठरलं की २१ ऑक्टोबर हा दिवस देशभर पाळायचा.

हे सांगताना मी एका गोष्टीवर जोर देतो. ते दहा जण लढाई करायला निघाले नव्हते, हरवलेल्या सोबत्यांना शोधायला निघाले होते. ठाण्यात काम केलेल्या माणसाला हे लगेच कळतं.

दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे. त्याचं लोकार्पण २०१८ साली याच तारखेला झालं. ३० फूट उंच ग्रॅनाइटचा खांब आणि नावांची भिंत. त्या वेळी भिंतीवर ३४,८४४ नावं होती. गावातली पोरं दिल्लीला भरतीला किंवा फिरायला जातात तेव्हा त्यांना सांगा, आपल्या माणसाचं नाव तिथे शोधा आणि फोटो काढून आणा. तो फोटो वहीत चिकटवायचा.

प्रत्यक्ष दिवस

सकाळी कार्यक्रम ठेवू नका. त्या सकाळी जिल्हा मुख्यालयात परेड असते आणि घरच्यांना तिथे बोलावलेलं असतं. आदल्या १ सप्टेंबरपासून ३१ ऑगस्टपर्यंत देशभरात कर्तव्यावर गेलेल्यांची नावं तिथे वाचतात. "शोक शस्त्र"चा हुकूम होतो, जवान रायफली उलट्या करून मान खाली घालतात, पुष्पचक्रं वाहतात, बिगुल वाजतो, हवेत तीन फैरी झाडतात. पहिल्यांदा जाणाऱ्या घराला फैरींचं आधी सांगून ठेवा, लहान मुलं दचकतात. गावाने करायचं काम म्हणजे त्यांना वेळेवर नेणारी आणि परत आणणारी गाडी. एसटीच्या भरवशावर सोडू नका. नाश्ता सोबत द्या आणि बरोबर एक जाणता माणूस जाऊ द्या.

गावचा कार्यक्रम संध्याकाळी. कापूस वेचणीचे दिवस असतात, बायामाणसं साडेपाचच्या आधी शेतातून येत नाहीत. सहा ही वेळ धरा. दिवस मावळतो, ऊन उतरतं. लाईट जाईल हे धरून चाला, बॅटरीवरचा माईक आणा.

मुख्यालयातून बिगुलर किंवा सलामीला दोन जवान हवे असतील तर पोलीस अधीक्षकांच्या नावे अर्ज करा आणि तो आपल्या ठाण्यामार्फत द्या. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्या, पोच घ्या. जमेल न जमेल, त्या दिवशी सगळ्या मनुष्यबळाची ओढाताण असते. बिगुलर नाही आला तर मोबाईलवरून डीजेच्या भोंग्यावर बिगुल वाजवू नका. ते फार वाईट वाटतं. शांतता ठेवा, ती पुरे.

क्रम सोपा ठेवा. फोटोला घरच्यांनी फुलं वाहायची, मग बाकीच्यांनी, रांगेने. पुढाऱ्यांसाठी वेगळी पाळी नको. मग वहीतला मजकूर वाचायचा. वाचणारा शाळेतला नववी-दहावीचा मुलगा किंवा मुलगी घ्या, पण चार दिवस आधी तुमच्यासमोर बसवून वाचून घ्या. नाव, गाव, तारीख अडखळता कामा नये. एकाहून जास्त जण असतील तर ते गेले त्या तारखेच्या क्रमाने वाचा, हुद्द्याने नको. मग दोन मिनिटं उभं राहायचं. वेळ घड्याळाने मोजायची, अंदाजाने मोजली की चाळीस सेकंदात कोणीतरी "बसा" म्हणतं. मंदिरातली आरती आणि मशिदीतली अजान यांच्या वेळा आधी बघून घ्या, दोन्हीकडच्या मंडळींना सांगून ठेवा. आमच्याकडे दोन्हीकडचे लोक येऊन उभे राहतात.

भाषणं दोन. पाच-पाच मिनिटं. एक त्याच्या बॅचच्या सोबत्याचं, एक गावातलं. पाहुण्याला बोलायचंच असेल तर त्याने गावाला काय देणार ते सांगून बसावं. लहान मुलांना खोट्या बंदुका देऊन चकमकीचं नाटक बसवतात, ते घरच्यांच्या समोर करू नका. आईला शाल देताना ती रडते आणि तेवढ्यात सगळे मोबाईल वर होतात, हे मी सहन करू शकत नाही. शाल द्यायची तर घरी जाऊन द्या.

तिरंग्याचं भान ठेवा. ध्वज अर्ध्यावर उतरवायचा निर्णय सरकारचा असतो, ग्रामपंचायतीने स्वतःच्या मनाने उतरवायचा नाही. दगडाचं अनावरण असेल तर त्यावर तिरंगा झाकायचा नाही, ध्वजसंहितेत ते बसत नाही. धुतलेलं पांढरं धोतर टाका.

दिवाळीची गाठ पडते कधी कधी. २०२५ ला २१ ऑक्टोबरलाच लक्ष्मीपूजन होतं. अशा वर्षी संध्याकाळ सोडा, आदल्या दिवशी सकाळी उरका. त्याच्या गल्लीत फटाके किती वाजवायचे, हे गल्लीला न सांगताही कळतं.

दगड, झाड की मैदान

पुतळ्याच्या भानगडीत पडू नका. त्याला सरकारी परवानगी लागते, पैसा लागतो, आणि पुढे त्याची देखभाल कोणी करत नाही. दगड बसवा. काळा ग्रॅनाइट, अक्षरं खोदून घ्या, नुसती रंगवलेली दोन उन्हाळ्यांत जातात. खोदायला देण्याआधी कागदावरचा मजकूर घरच्यांची सही घेऊन कारागिराला द्या. दगडावर सरपंच, उपसरपंच आणि सदस्यांची यादी नको. जागा रस्त्याच्या कडेला नको, रुंदीकरणात पहिला तोच उचलला जातो. शाळेच्या आवारात, फाटकाच्या आत बसवा. त्यासाठी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव करून घ्या, २ ऑक्टोबरला केला तर घाई होते.

झाड लावायचं तर ऑक्टोबरात कार्यक्रमात लावू नका, आषाढात लावा. निंब लावा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो. पाणी कोण घालणार त्या माणसाचं नाव वहीत लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवीन रोप लावायची वेळ येते.

स्मरणाचे प्रकार कसे कसे असतात बघा. २६ नोव्हेंबरच्या रात्री सहाय्यक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक हाताने धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांना अशोकचक्र मिळालं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ठाणे भागात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला अभ्यासकांनी त्यांचं नाव दिलं, आयसियस तुकारामी. मला हे फार आवडलं. ज्याला जे काम येतं त्यातून त्याने आठवण ठेवली.

आपल्याला काय येतं? आपल्या गावातली पोरंपोरी पोलीस भरतीची तयारी करतात, हे आपल्याकडे आहे. पहाटे पाचला अंधारात डांबरी रस्त्यावर पळतात, आणि मागून ऊस नाहीतर वाळू भरलेली गाडी येते. म्हणून माझं सांगणं, त्याच्या नावाने पळायची धाव, म्हणजे गोल धावपट्टी, आखून द्या. भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर पळावं लागतं, शिवाय गोळाफेक. २०० मीटरची धाव आखली की मुलांचे आठ फेरे आणि मुलींचे चार.

आखणी अशी. दोन सरळ बाजू ५० मीटरच्या, आणि दोन्ही टोकांना अर्धगोल, तेही ५० मीटरचे. अर्धगोलासाठी खुंटी ठोका, १५ मीटर ९० सेंटिमीटरची दोरी बांधा आणि फिरवत चुना टाका. दोन खुंट्यांमधलं अंतर बरोबर ५० मीटर. दीड मीटर रुंदीची धाव धरली तर ८५ मीटर लांब आणि ३५ मीटर रुंद जागा पुरते, म्हणजे तीस गुंठ्यांच्या आत बसतं. गावठाणात किंवा शाळेमागे एवढी जागा निघते. आपली काळी माती पावसाळ्यात पायाला धरून ठेवते, म्हणून वर मुरूम टाकून रोलर फिरवून घ्या. १०० मीटरची सरळ पट्टी यात बसत नाही, ती बांधाकडेने वेगळी आखा. दोन गोळे घ्या, मुलांचा ७.२६ किलोचा आणि मुलींचा ४ किलोचा. एका खांबावर दिवा. खर्च एका चांगल्या मिरवणुकीपेक्षा कमी येतो. पाटीवर त्याचं नाव, बक्कल नंबर आणि गेल्याची तारीख, एवढंच लिहा. भरतीत लागलेल्या पोरांची नावं त्याच वहीत मागच्या पानांवर लिहीत जा.

बाकीचं वर्ष

त्याच्या घरी वर्षातून एकदाच जाऊ नका. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या घरी घागर भरतात, खरबूज ठेवतात, त्याच्या नावाने घास टाकतात. त्या दिवशी दोघांनी सकाळी जाऊन बसून या. काही न्यायचं नाही, काही बोलायचं नाही.

कागदाची मदत करा, ती सगळ्यात कमी दिसते आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला भरायचा असतो, आईला बँकेत नेणारा कोणी असतोच असं नाही. मुलं मोठी झाली की अनुकंपाच्या अर्जाची मुदत सुरू होते. ती तारीख पोलीस अधीक्षक कार्यालयात विचारून वहीत पहिल्या पानावर लाल शाईने लिहा. मुलांच्या फीसाठी पोलीस कल्याण शाखेत अर्ज करता येतो, तो कसा करायचा ते ठाण्यातले लोक सांगतात. त्यांना विचारायला लाजू नका, त्यांच्या सोबत्याच्याच मुलांचं काम आहे.

जमलेल्या पैशांचा हिशेब २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवा, पावत्यांसकट. उरले तर मुरूम आणि रोलरला ठेवा. वही एकाच माणसाच्या घरी ठेवू नका. एक झेरॉक्स शाळेत, एक ठाण्यात, मूळ वही पोलीस पाटलाकडे. आणि पहिल्या पानावर वही सांभाळणाऱ्या दोघांचे मोबाईल नंबर लिहा, नंबर बदलला की तोही बदला.